काहीतरी चावले : दंशाची खूण व मुलाची अवस्था

वर्ग चालू असता एखादे मूल उठते आणि पोटरी किंवा बोट पुढे करून ‘गुरुजी, कायतरी चावलं’ असे सांगते. रायगडच्या किनारपट्टीवरील कोणत्याही प्राथमिक शाळेस हा प्रसंग नवीन नाही. अशा वेळी बहुधा शिक्षकाची दृष्टी त्या लाल ठिपक्यावर खिळते आणि ठिपका लहान असला की मन निश्चिंत होते. परंतु खूण लहान म्हणून विष थोडे, हा हिशेब सर्वस्वी चुकीचा आहे. आपल्या जिल्ह्यात ज्या दोन दंशांनी मुलांच्या जिवास सर्वांत अधिक धोका असतो, त्यांची कातडीवरील खूण बहुधा दिसतही नाही.

नित्याचे दंश प्रथम पाहू. डास किंवा खाडीकाठची चिलटे चावली असता उघड्या हातापायांवर खाजणारी गांधी उठते व ती एकदोन दिवसांत बसते. ढेकणांच्या गांधी पुष्कळदा एका ओळीत, सकाळी उठल्यावर दिसतात. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असून रात्री खाज वाढत असेल व घरातील इतरांसही ती असेल, तर तो दंश नव्हे, खरूज होय. तिचा उपचार सर्व कुटुंबास एकाच वेळी करावा लागतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा तांबडा-काळा, मुंगीसारखा लांबट कीटक अंगावर चिरडला गेल्यास दुसऱ्या दिवशी तेथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. लोक त्यास नागीण समजतात. असा कीटक अंगावर बसल्यास चिरडू नये. फुंकर घालून उडवावा व ती जागा साबणाने धुवावी.

ह्या सर्वांचा उपचार एकच व साधा आहे. जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, खाजेवर कॅलामाइन लावावे आणि मुलाची नखे कापावीत. नखांचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण खाजवून झालेली जखम चिघळते व मूळ दंशापेक्षा तीच अधिक दिवस पीडा देते. चुना, तंबाखू, बिब्बा ह्यांपैकी काहीही लावू नये. बिब्ब्याने तर स्वतःच कातडी भाजते आणि मग मूळ खूण कशाची होती हे डॉक्टरांसही ओळखता येत नाही.

मधमाशी आपला काटा विषाच्या पिशवीसह अंगात ठेवून जाते. तो नखाने किंवा चिमट्याने, कसाही पण तत्काळ काढावा. गांधीलमाशी काटा ठेवीत नाही व पुनःपुन्हा डसू शकते. डसल्या जागी सूज येणे स्वाभाविक आहे. परंतु ओठ किंवा डोळे सुजले, अंगभर पित्त उठले, आवाज घोगरा झाला किंवा श्वासास घरघर लागली, तर एक क्षणही दवडू नये. मुलास आडवे निजवून (श्वास लागत असल्यास टेकून बसवून) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ह्या अवस्थेत मांडीत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचविते. अंगावर पुष्कळ माश्या डसल्या असतील, तर लक्षणे नसतानाही मुलास दवाखान्यात न्यावे.

आता विंचवाविषयी. मोठा काळा विंचू, ज्यास पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात, दिसण्यास भयंकर असतो. परंतु त्याच्या विषाने बहुधा वेदनेपलीकडे फारसे होत नाही व ती वेदना काही तासांत आपोआप उतरते. मांत्रिकाची कीर्ती मुख्यतः ह्याच विंचवावर उभी आहे. जो उतार पडायचाच होता, त्याचे श्रेय मंत्रास मिळते. कोकणातील खरा घातक विंचू त्याहून लहान, तांबूस रंगाचा असतो. जांभ्या दगडांचे ढीग, पेंढा, सरपण, कौले व नारळाची सोडणे ही त्याची आवडती स्थाने होत.

ह्या लाल विंचवाने माणूस नेमका कशाने दगावतो, ह्याचा उलगडा होण्यात आपल्याच जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. १९७६ साली, जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळी, डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी आणले जात आणि काही तासांत, तोंडाला फेस येऊन, मृत्यू पावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. विषामुळे शरीरातील उत्तेजक स्राव एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी, जी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी उपयोगात आणली. तिची माहिती १९८६ साली त्याच नियतकालिकात आली. ह्या औषधाने मृत्यूंचे प्रमाण अतिशय घटले. महाड येथे ७० रोग्यांवर केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी तेवढ्या वेळात ८ जण बरे झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

शिक्षकाने ह्यातून घ्यावयाचे ते लक्षणांचे ज्ञान. ठणका कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मुलास दरदरून घाम सुटला, उलटी झाली, लाळ गळू लागली, हातपाय थंडगार पडले, तर विष अंगात भिनले असे समजावे. खोकला व धाप ही त्यापुढची पायरी. तिची वाट पाहणे म्हणजे हातची वेळ घालविणे होय. गोळी शाळेत देऊ नये. तिची मात्रा वजनावर ठरते व ती दिल्यावर रुग्ण एकदम उठून बसल्यास रक्तदाब उतरतो. ते काम दवाखान्याचे.

दुसरा अदृश्य दंश मण्यार सापाचा. तो रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. दातांच्या खुणा जेमतेम दिसतात. सूज नाही, ठणका नाही. मूल सकाळी पोटात दुखते म्हणून कण्हते, शाळेत आल्यास पेंगुळल्यासारखे दिसते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे जड होते. अशा मुलास ‘झोप झाली नाही का?’ म्हणून रागावण्यापूर्वी ते रात्री कोठे निजले होते, हे विचारावे. पापण्या उचलत नसतील, तर सर्पदंश मानूनच रुग्णालय गाठावे. प्रतिविषलस व प्रसंगी कृत्रिम श्वास हाच तेथे उपाय आहे. घोणस व फुरसे चावल्यास मात्र सूज व रक्तस्राव बहुधा दिसतो.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. काखेत, कमरेशी वा जांघेत न दुखणारी काळी खपली आणि त्यासोबत काही दिवसांचा ताप असल्यास, तो गवतातील सूक्ष्म गोचिडीसारख्या किड्यामुळे होणारा ‘स्क्रब टायफस’ असू शकतो. त्यावर वेळीच दिलेले औषध गुणकारी असते. परंतु खपली कोणी दाखविली नाही, तर रोग ओळखू येत नाही.

दंश विषारी असल्याचा संशय येताच मुलास चालू देऊ नये. बांगड्या, पैंजण, अंगठी, मनगटाचा दोरा सूज येण्यापूर्वी काढावा. आवळपट्टी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने रक्त ओढणे हे तिन्ही वर्ज्य. सूज असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. सूज किती वेगाने पसरते हे त्या रेघेवरून कळते. प्राणी मारण्यास धावू नये. दूरून दूरध्वनीवर छायाचित्र मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास अडत नाही. सर्वांत आवश्यक म्हणजे मुलास रागावू नये. सरपणाच्या ढिगात हात घातला म्हणून मार बसेल ह्या भीतीने मुले दंश लपवितात आणि मोलाचा पहिला तास त्यातच जातो.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडील वाड्यांतून दवाखाना दूर पडतो. म्हणून वाहन निघण्यापूर्वी एक चिठ्ठी मुलासोबत अवश्य द्यावी. दंशाची वेळ व जागा, पहिली उलटी किंवा घाम केव्हा, कोणता झाडपाला लावला किंवा औषध दिले, एवढे तीत असावे. आरोग्य तपासणीच्या नोंदवहीतील मुलाचे वजनही लिहावे. औषधाची मात्रा ठरविताना डॉक्टरांना तेच प्रथम लागते.