सुटलेला बाण शोधावा कसा?

सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दाचे राहू द्या. पण बाणाच्या बाबतीत ही म्हण अर्धीच खरी आहे. बाण आपण होऊन परत येत नाही हे कबूल, पण तो शोधून आणता येतो. नव्हे, आणावाच लागतो! तिरंदाजी म्हणजे ताठ उभे राहून रुबाबात धनुष्य ओढणे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एकदा नवशिक्यांचा सराव पाहावा. पोरे कमरेत वाकून गवत चाळीत फिरताना दिसतील.

धनुष्याने शिकार करणाऱ्यांना तर ही विद्या आधी शिकावी लागते. अमेरिकेत परवाना काढून, ठरावीक हंगामात धनुष्यबाणाने हरणांची शिकार चालते. तिथला जाणता शिकारी बाण सोडल्यावर हरणामागे धावत सुटत नाही. हरीण कुठे उभे होते, कुठल्या झाडाआड गेले, हे तो मनात पक्के करतो, थोडा वेळ स्वस्थ बसतो आणि मग पहिल्यांदा बाण शोधतो. कारण काय घडले ते बाण सांगतो. बाण कोरडा निघाला तर बहुधा नेम चुकला. त्यावर फेसाळ, तांबडेलाल रक्त असेल तर घाव फुप्फुसात बसला आहे, जनावर फार दूर गेले नसणार. रक्त काळपट असेल, किंवा बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल, तर घाव पोटात आहे. मग कित्येक तास थांबून माग काढावा लागतो, नाहीतर बिचारे जनावर वेदना सोशीत मैलोगणती पळत राहते. बाण न शोधता घरी जाणाऱ्याला त्या लोकांत कुणी शिकारी म्हणत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले, आणि ते बरेच झाले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे गवताळ माळ आहेत. तिथे आज चिंकारा चरताना दिसतात, ते त्या कायद्याची कृपा. पण शिकार गेली तरी धनुष्य गेले नाही. ते खेळाच्या मैदानावर आले, आणि आपल्या भागात तर फारच थाटात आले.

नीरा नदीच्या उत्तरेला वालचंदनगर, बारामती, इंदापूर. दक्षिणेला फलटण तालुका. त्या तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे तिरंदाजीत उतरला. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. त्याच स्पर्धेत पुरुषांचे जगज्जेतेपद नागपूरच्या ओजस देवतळेने पटकावले. आता गंमत पाहा: अदिती साताऱ्यात जिथे शिकली, ते सरावाचे मैदान उसाच्या शेतात आहे! परदेशी वाचकांना याचे नवल वाटले असेल. आपल्याला वाटायचे कारण नाही. मोकळी जागा मिळेल तिथे मैदान, आणि मैदानाच्या कडेला ऊस, हा आपला रिवाजच आहे.

वालचंदनगरचे तर उभे आयुष्यच उसाभोवती गेलेले. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर शेती, साखर कारखाना आणि वसाहत उभारली. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हिरवा झालेला हा मुलूख. इथल्या एखाद्या मुलाने अदितीचे नाव ऐकून धनुष्य हाती घेतले आणि घरामागच्या मोकळ्या तुकड्यात सराव मांडला, तर त्याचा चुकलेला बाण कुठे जाणार? उसात!

आणि खरी काळजी इथेच सुरू होते. स्पर्धेचा बाण हल्ली कार्बनच्या धाग्यांचा असतो. पोकळ, पेन्सिलीपेक्षाही बारीक आणि पुढे पोलादी टोक. चांगल्या बाणांच्या एका संचाला मध्यमवर्गीय घरचा महिन्याचा खर्च सहज पडतो. म्हणून आई म्हणते, "अरे, बाण शोध, पैसे काय झाडाला लागतात?" आई म्हणते ते योग्यच आहे. पण बाण शोधण्याचे कारण पैशांहून मोठे आहे.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम तोंडावर येतो. मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडात माणसे बुडख्याशी वाकून कोयता चालवतात. हात उघडे, पायांत जेमतेम वहाण. पाचटाखाली रुतलेला बाण त्यांना दिसणार कसा? तो तळव्यात गेला तर त्या मजुराचा हंगामच बुडाला. बरे, तिथून निसटून बाण मोळीत बांधला गेला, तर कारखान्याच्या गव्हाणीत जातो. लोखंडाचे तुकडे उचलून घ्यायला तिथे लोहचुंबक बसवलेले असतात, पण कार्बनला चुंबक काय करणार?

तिसरी वाट सर्वांत वाईट. उसाचे वाढे जनावरांचा चारा म्हणून जातात. कडबाकुट्टीत वाढ्यांबरोबर बाणही कापला गेला, तर त्याच्या सुईसारख्या काड्या थेट गव्हाणीत, म्हणजे गाईच्या! गाय चारा आधी गिळते, मग निवांत रवंथ करते. गिळताना तिला तार, खिळा, काडी समजत नाही. असली टोकदार वस्तू तिच्या जाळीदार पोटात जाऊन अडकते, आणि त्या पोटापासून हृदय फार दूर नाही. "जनावराने तार खाल्ली," असे शेतकरी म्हणतो तो हाच रोग. लोखंड असेल तर गुरांचे डॉक्टर पोटात लोहचुंबक सोडून ते धरून ठेवतात. कार्बनच्या काडीला तोही उपाय लागू पडत नाही. एका हरवलेल्या बाणापायी कुणाची तरी दुभती गाय जाऊ शकते, हे धनुष्य विकणारा दुकानदार सांगत नाही. ते घरच्या मोठ्यांनीच सांगायला हवे.

तेव्हा बाण शोधावा कसा? खरा शोध बाण सुटण्याआधीच सुरू होतो. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध किंवा जाड जाळी असावी. उसाकडे तोंड करून लक्ष्य लावूच नये. पिसे आणि मागची खाच भडक रंगाची, गुलाबी किंवा पिवळी, घ्यावी. हिरवा बाण हिरवळीत शोधणे म्हणजे शिक्षाच. प्रत्येक बाणावर आपले नाव किंवा आद्याक्षरे लिहावीत. जागतिक स्पर्धांत तसा नियमच आहे. आणि सरावाला जाताना व परतताना बाण मोजावेत. सहा नेले तर सहाच परत आले पाहिजेत.

एवढे करूनही बाण चुकला, तर पाय उचलू नयेत. बाण ज्या रेषेत गेला त्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा खांब हेरून ठेवावा. सर्वांचे सोडणे थांबले की एकाने सोडण्याच्या जागीच उभे राहून हाताने दिशा दाखवावी आणि दुसऱ्याने चालत जावे. धावायचे नाही, जमिनीत रुतलेल्या बाणाचे मागचे टोक वर असते आणि ठेचकाळलेल्या पोराच्या डोळ्याशी ते नेमके येते. खाली चुकलेला बाण सेकंदाला साठ मीटरच्या आसपास वेगाने येतो आणि सापासारखा गवताखाली शिरतो. तो उभा दिसत नाही, आडवा पडलेला असतो. म्हणून गवत त्याच्या रेषेला आडवे विंचरावे. वाकवलेल्या तारेचा आकडा त्याला पुरतो. उन्हे कलली की चकाकी लवकर दिसते. संध्याकाळी विजेरीचा झोत जमिनीलगत धरला तरी उपयोग होतो. सापडलेला बाण मागे ओढू नये, पिसे निघतात. टोकाच्या बाजूने, पुढच्या दिशेने सरकवून काढावा. मग तो किंचित वाकवून कानाशी धरावा. करकर ऐकू आली तर आत तडा आहे; असा बाण पुन्हा चढवला तर सुटताना फुटून हातात घुसतो. तो मोडूनच टाकावा.

आणि सापडलाच नाही तर? लाजू नये. शेत ज्याचे आहे त्याला जाऊन सांगावे, "काका, तुमच्या फडात या बांधाकडून माझा बाण गेलाय." काका दोन शब्द बोलतील, पण तोड आली की टोळीला सावध करतील.

मोठ्या बाणांचेही असेच आहे. दिवाळीच्या रॉकेटला आपण बाणच म्हणतो, आणि वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची पोलादी कवचे घडली आहेत. असे रॉकेट सोडण्यापूर्वी त्याचे टप्पे समुद्रात कुठे पडतील याचा हिशेब करतात आणि जहाजांना, विमानांना आधी सूचना देतात. तरीही २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला एक भलेमोठे नळकांडे लागले. तिथल्या अवकाश संस्थेने ते बहुधा भारताच्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे असल्याचे सांगितले, आणि त्याचे पुढे काय करायचे ते भारताला विचारून ठरवण्याची तयारी दाखवली. बाणाचा धनी कोण, हे समुद्रापार गेल्यावरही विचारले जाते.

दशरथाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. अंधारात, केवळ आवाजाच्या रोखाने त्याने बाण सोडला. तो शोधायला गेला तेव्हा श्रावणबाळ विव्हळत पडला होता. नेम अचूक होता, पण बाण कुठे जाऊन थांबणार हे राजाने पाहिले नव्हते. या दिवाळीत ज्या घरात नवे धनुष्य येईल, तिथे मुलाला दोर ओढायला शिकवण्याआधी बाण मोजायला शिकवा. निशाणबाजी सरावाने येईल. सहावा बाण सापडेपर्यंत घरी न येण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी लागली पाहिजे.