अठ्ठावीस गुणांची पिछाडी

कबड्डीच्या सामन्यात तुमचा संघ खूप मागे पडला, तर काय होते? 'आता काही उपयोग नाही,' असे एखादा खेळाडू म्हणतो आणि सगळ्यांचाच धीर सुटतो. अशा वेळी काय करता येते, हे लंडनच्या हार्लेक्विन्स या रग्बी संघाने दाखवून दिले.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात 15 खेळाडू असतात. चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात धरून धावता येते. पण हाताने पुढे फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू नेणाऱ्याला विरुद्ध संघाचे खेळाडू पकडून खाली पाडतात. विरुद्ध संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला, की 'ट्राय' होतो. त्याचे 5 गुण मिळतात. त्यानंतर चेंडू दोन उंच खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारला, की आणखी 2 गुण मिळतात. सामना 80 मिनिटांचा असतो.

हार्लेक्विन्स हा 1866 साली स्थापन झालेला जुना संघ आहे. 2012 साली त्याने इंग्लंडची प्रीमियरशिप स्पर्धा जिंकली. त्यानंतर बरीच वर्षे विजेतेपद मिळाले नाही. 2020-21 च्या हंगामातही सुरुवात चांगली झाली नाही. जानेवारी 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षकाने संघ सोडला. तरी बाकीच्या प्रशिक्षकांनी कामे वाटून घेतली. खेळाडूंनीही जबाबदारी उचलली. संघ मोकळेपणाने खेळू लागला आणि 12 संघांत चौथा आला. उपान्त्य फेरीत पहिल्या चार संघांनाच प्रवेश होता.

19 जून 2021 रोजी पहिल्या क्रमांकाच्या ब्रिस्टल संघाशी त्याच्याच मैदानावर गाठ पडली. ब्रिस्टलने 28-0 अशी आघाडी घेतली. आता हिशेब करून पाहा. एक ट्राय आणि त्यानंतरचा फटका मिळून 7 गुण होतात. म्हणजे नुसती बरोबरी करण्यासाठी असे चार ट्राय हवेत! हार्लेक्विन्सच्या खेळाडूंनी घाई केली नाही. एकेक ट्राय करत त्यांनी अंतर कमी केले. 80 मिनिटे संपली तेव्हा 36-36 अशी बरोबरी होती. जादा वेळेत त्यांनी सामना 43-36 असा जिंकला.

26 जून रोजी ट्विकनहॅम येथे अंतिम सामना झाला. समोर आदल्या वर्षीचा विजेता एक्सेटर होता. शेवटच्या काही मिनिटांत लुई लायना या तरुण खेळाडूने दोन ट्राय केले. हार्लेक्विन्सने 40-38 असा विजय मिळवला. फरक फक्त 2 गुणांचा!

पुढच्याच वर्षी हा संघ उपान्त्य सामन्यात हरला. खेळात असे चढउतार चालायचेच. प्रत्येक सामना जिंकणे कोणाच्याच हाती नसते. पण शिटी वाजेपर्यंत मन लावून खेळणे तुमच्या हाती असते. पुढच्या वेळी तुमचा संघ मागे पडेल, तेव्हा फळ्यावरचे सगळे गुण पाहू नका. पुढचा एक गुण कसा मिळेल, तेवढेच पाहा.