चढावर बैलांना किती जोर लागतो?



ऊस भरलेली गाडी सपाट रस्त्यावर झोकात चालते. ओढ्याचा चढ लागला की तीच जोडी गुडघे टेकते. बैल नाटाळ झाला म्हणून आपण चाबूक उगारतो. पण चूक बैलाची नसून हिशेबाची असते. हा हिशेब सोपा आहे, जरा ध्यानात घ्या.

गाडीला मागे खेचणारी बले दोन.

पहिले घर्षणाचे. टायरची गाडी चांगल्या कडक रस्त्यावर असेल, तर दर १०० किलो वजनाला साधारण ३ किलोचा जोर लागतो. मऊ रानात हाच जोर १० किलोवर जातो.

दुसरे चढाचे. २० फुटांत १ फूट चढ असेल, तर एकूण वजनाचा विसावा भाग गाडीला मागे खेचतो.

आता समजा, गाडी ३ क्विंटल आणि ऊस १२ क्विंटल, म्हणजे एकूण १५०० किलो. सपाट रस्त्यावर घर्षण ४५ किलो. चढावर त्यात ७५ किलोची भर पडते. बेरीज १२० किलो. (पुस्तकात बल न्यूटनमध्ये मोजतात. १ किलोचा जोर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. म्हणजे हे झाले १,१७६ न्यूटन.)

आता जोडीची ताकद पाहू. बैल बराच वेळ ओढतो तेव्हा आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका जोर लावतो. ४०० किलोचे दोन बैल म्हणजे ८० किलो. झटक्यात ते याहून जास्त ओढतील, पण लांब चढावर ऊर फुटेल.

मग भरायचे किती? ऊस ७ क्विंटल भरा. एकूण १००० किलो झाले. घर्षण ३० आणि चढ ५०, बेरीज बरोबर ८० किलो! नाहीतर चढापुरती शेजाऱ्याची जोडी पुढे जुंपा.

चढ कसा मोजाल? दहा फुटी सरळ फळीचे एक टोक चढाच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि पाणसळ लावून फळी समपातळीत धरा. दुसऱ्या टोकाखाली ६ इंच अंतर भरले, तर चढ विसाला एक.

उतारावर उलटे होते. १५०० किलोची गाडी दहाला एक अशा उतारावर १५० किलोने पुढे रेटते. घर्षण ४५ किलो अडवते, उरलेले १०५ किलो बैलांच्या अंगावर येतात. म्हणून उतार लागण्याआधीच भार कमी करा. चढावर थांबलात तर आधी चाकामागे दगड लावा, मगच विडी पेटवा. आसाला वंगण आणि टायरमध्ये पुरेशी हवा असली की घर्षण कमी होते, पण चढाचे बल कशानेच कमी होत नाही. ते फक्त ओझे उतरवल्यानेच घटते.

आपल्या वाटेवरचा चढ मोजून आम्हाला पत्राने कळवा. हिशेब मिळून करू.