ऑफर्टरी म्हणजे नेमकं काय? एका विधीचा अर्थ कसा शोधायचा

संशोधनात एक अडचण हमखास येते. शब्द तोच राहतो, पण त्याच्याखाली चालणारी क्रिया बदलत जाते. आज त्याचं एक चांगलं उदाहरण पाहू: ख्रिस्ती उपासनेतला अर्पणविधी, म्हणजेच ऑफर्टरी.

चर्चमध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाला विचाराल, तर तो सांगेल, "पिशवी फिरते, लोक पैसे टाकतात, तो भाग." निरीक्षण बरोबर आहे, पण अपुरं. कॅथलिक मिस्सामध्ये याच वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे आणले जातात, आणि बऱ्याचदा ते लोकच घेऊन येतात. आता एक बारकावा बघा. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर ठेवतात. पैसे मात्र वेदीपासून बाजूला, योग्य जागी ठेवायचे, असा नियम आहे. म्हणजे एकाच विधीत दोन प्रकारची दानं आहेत आणि त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत.

हे कुठून आलं? दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन मार्टर यांनी रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रार्थना होते, मग वाटप होतं. जे गैरहजर असतील त्यांच्या घरीही वाटा पोचवतात. शिवाय ऐपत असलेले लोक स्वेच्छेने जे देतात, ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरलं जातं. वेदी आणि गरजू माणूस यांचं नातं इतकं जुनं आहे.

पुढे लॅटिन मिस्सामध्ये या जागी धर्मगुरूने म्हणायच्या प्रार्थना वाढत गेल्या. त्यांत साध्या भाकरीलाच आधीपासून निष्कलंक बळी म्हटलं जाई. मार्टिन ल्यूथर यांचा आक्षेप नेमका इथे होता: इथे माणूस देवाला काही देतो, की देवाकडून घेतो? कृपा ही देणगी असेल, तर आपण तिची किंमत चुकवतोय असं वाटायला नको. म्हणून 1523 मध्ये त्यांनी आपल्या लॅटिन उपासनाक्रमातून या प्रार्थना काढल्या. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात ऑफर्टरी हा शब्द राहिला, पण भर आला दानाबद्दलच्या बायबल-वचनांवर आणि गरिबांच्या पेटीवर.

कॅथलिक चर्चनेही पुढे बदल केला. पोप पॉल सहावे यांनी 1969 मध्ये मंजूर केलेल्या मिस्सामध्ये या भागाला 'दानांची तयारी' असं नाव मिळालं. प्रार्थना छोट्या झाल्या आणि त्यांचा घाट यहुदी आशीर्वचनांसारखा झाला: हे मुळात देवाकडूनच मिळालेलं आहे, त्यात माणसाचे कष्ट मिसळले आहेत, आणि तेच आम्ही परत समोर ठेवतोय. म्हणजे देणारा माणूस आधी घेणारा असतो. ल्यूथर यांच्या प्रश्नाशी ही मांडणी ताडून पाहा, वादाची धार कुठे कमी झाली ते लक्षात येईल.

तुमच्यासाठी यातून काय? कुठलाही विधी अभ्यासताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. कोण देतं? काय देतं? ते कुठे ठेवलं जातं? शेवटी कोणाला मिळतं? नुसते जमा झालेले पैसे मोजले, तर तुम्ही वर्गणी मोजाल. अर्पण मोजायचं राहूनच जाईल.