थंडी, तळं आणि माशांची प्रतिकारशक्ती

सातपुड्यातल्या धडगावच्या उत्तरेची नर्मदा आता वाहण्यापेक्षा साचूनच जास्त राहते. सरदार सरोवराचे दरवाजे 2017 मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोचलं. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं या बुडिताच्या कक्षेत आली. काठची जमीन गेली, तेव्हा अनेकांनी मासेमारी संस्था उभ्या करून पाण्याचाच आधार घेतला. वरच्या पाड्यांवर शेततळ्यांतही मासे सोडले जातात. ज्या घरात मासळीवर मीठमिरची येते, तिथे मासा आजारी का पडतो हा प्रश्न अभ्यासकांपुरता उरत नाही.

माशाला आपल्यासारखा अस्थिमज्जेचा कारखाना नसतो. त्याच्या रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात. थायमस आणि प्लीहा असतात, पण लसिकाग्रंथी नसतात. तरीही तो प्रतिपिंडं बनवतो आणि एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवतो. जंतूंना पहिला अडसर मात्र अंगावरच्या बुळबुळीत थराचा. त्यात जंतूंना मारणारी विकरं आणि प्रतिपिंडं दोन्ही असतात. कोरड्या हाताने मासा पकडला किंवा खरखरीत जाळ्यात घासला, की हा थर निघतो आणि तिथूनच जखमेला वाट मिळते. बोटुकली हाताळताना आधी हात ओले करायचे, ते यासाठी.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. सातपुड्यात पौषाच्या पहाटे तळं गार पडतं, तशी प्रतिपिंडं बनण्याची गतीही मंदावते. नेमक्या याच काळात ॲफॅनोमायसिस इन्व्हेडन्स नावाचा बुरशीसारखा जीव जोर धरतो. आधी अंगावर लाल ठिपके दिसतात, मग मांसापर्यंत पोखरलेले व्रण. भारतात हा रोग 1988 मध्ये ईशान्येकडून शिरला. मरळ माशांवरच्या प्रयोगांत दिसलं, की उबदार पाण्यात माशाच्या पेशी या बुरशीला वेढून टाकतात, पण गार पाण्यात तो वेढा कमजोर पडतो. रोहू, कटला आणि मृगळ या कार्प माशांची लहान पिल्लं या रोगाला बळी पडतात. सायप्रिनस मात्र बराच टिकाव धरतो. म्हणून डोंगरातल्या तळ्यात बीज सोडताना सायप्रिनसचा वाटा वाढवावा, असं मला ठामपणे वाटतं.

हिवाळ्याची तयारी पावसाळा सरतानाच करायची असते. गर्दी कमी करायची, तळाचा गाळ वाढू द्यायचा नाही, पाण्याची परीक्षा करून चुना टाकायचा. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीफाने, याच व्रणरोगासाठी सीफॅक्स हे औषध तयार केलं आहे. बीज ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून घाट चढून येतं, तेव्हा पिशवी लगेच फोडायची नाही. ती पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानाला आलं की मग पिल्लं सोडायची. नाहीतर तापमानाच्या धक्क्याने खचलेलं पिल्लू पहिल्याच आठवड्यात आजार धरतं. दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात ओतणं हे सर्वांत वाईट. बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही आणि तळ्यातल्या जिवाणूंना औषध पचवायची सवय लागते.

लस हा दुसरा मार्ग. नॉर्वेत 1987 मध्ये सॅल्मन शेतीत सुमारे 48 टन प्रतिजैविकं वापरली गेली होती. चांगल्या लसी आल्यावर तो वापर नगण्य झाला, उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढलं. पण तिथे प्रत्येक माशाला सुई टोचतात. आपल्या कार्पच्या किमतीत ते परवडणार नाही. सीफाने म्हणून आईलाच लस द्यायचं ठरवलं. प्रजननाच्या मादीला टोचलं, की तिची प्रतिपिंडं अंड्याच्या बलकातून जिऱ्यांत उतरतात आणि सर्वांत नाजूक पहिल्या दिवसांत पिल्लांना राखतात. याच संस्थेने 1997 मध्ये जयंती रोहू दिला, आणि पुढे एरोमोनास जिवाणूला दाद न देणाऱ्या रोहूच्या निवडीचंही काम केलं.

कोळंबीची गोष्ट वेगळी. तिला प्रतिपिंडंच नाहीत. सगळी भिस्त रक्तातल्या पेशी आणि काही जंतुनाशक प्रथिनांवर. 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने भारताच्या किनाऱ्यावरची कोळंबी शेती कोलमडली, तेव्हा लसीचा उपाय हाती नव्हता. पुढे 2009 पासून रोगमुक्त बीजाची व्हॅनामेई जातीची कोळंबी आली आणि धंदा सावरला.

देशात 2013 पासून जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. रोग कळवायला 2023 मध्ये मोबाइल ॲपही आलं. पण धडगावच्या पाड्यात नेटवर्क शोधायला टेकडी चढावी लागते. शिवाय मेलेला मासा काही तासांत कुजतो, मग नमुन्यातून रोग ओळखता येत नाही. जिवंत पण आजारी मासाच प्रयोगशाळेत पोचायला हवा. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा किंवा तळोद्यात, असा नमुना घेऊन तपासणारं एक छोटं केंद्र हवं आणि ते पुढच्या हिवाळ्याआधी सुरू व्हायला हवं.