घरात कुणालाच नव्हता, मग मला कसा?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं की हा प्रश्न ठरलेला. जनुकातला बिघाड म्हणजे तो आईवडिलांकडून आलेला, असं आपण धरून चालतो. बहुतेक रुग्णांत तसं नसतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यात चुका साचतात. बहुधा आधी एपीसी हे जनुक निकामी होऊन छोटा पॉलिप उगवतो. पुढे केआरएएस, टीपी५३ बिघडतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण १० वर्षं जातात. त्या काळात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) झाली, तर पॉलिप तिथल्या तिथे काढता येतो.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ही वर्षं वाया जातात ती ‘मूळव्याधच असेल’ या समजापायी. तिसरी पाळी, कॅन्टीनचं तिखट, मेडिकलमधून आणलेलं मलम. शौचातून वरचेवर रक्त जात असेल आणि हिमोग्लोबिन उतरत असेल, तर वय तिशीचं असलं तरी तपासणी हवीच. रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, पण आतड्याच्या कर्करोगाबाबतचा पुरावा अजून मर्यादित आहे. तंबाखू आणि दारूबद्दलचा पुरावा त्याहून पक्का.

‘म्युटेशन (जनुकाच्या अक्षरांत बदल) नाही, म्हणजे जनुक शाबूत’ हेही खरं नाही. मिथिलेशनमध्ये जनुकाचं एकही अक्षर बदलत नाही. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटतात आणि पेशी ते वाचतच नाही. मशीन धड, पण पॅनेलला ‘चालू करू नये’चा टॅग. एमएलएच१ हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक असं गप्प झालं की चुका भराभर वाढतात.

म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टात ‘एमएलएच१ लॉस’ दिसलं, तर लगेच घराण्याला दोष लावू नका. अशा दुरुस्ती बिघडलेल्या गाठी मोठ्या आतड्याच्या एकूण कर्करोगांत सुमारे १५ टक्के. त्यांतल्या बहुतेक मिथिलेशनच्या, वारशाच्या नव्हेत. गाठीत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल किंवा एमएलएच१चं मिथिलेशन सापडलं, तर वारशाने येणाऱ्या लिंच सिंड्रोमची शक्यता फारच कमी होते. दोन्ही नसतील, तर रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करावी. त्यात लिंच निघाला, तर प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. ज्यांच्यात सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासूनच सुरू करतात.

या चाचण्यांसाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. काढलेल्या गाठीचे मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतात. पुण्या-मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर तेही मागून घ्या.