गाडी ते चालवतात. जागे तुम्हीही राहा!

अंबरनाथ पूर्वेहून निघायचे, कल्याण-भिवंडीची गर्दी ओलांडून आमणे गाठायचे, की पुढे थेट नागपूर! ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. विदर्भात माहेर असणाऱ्या मैत्रिणींची केवढी सोय झाली! पण बॅगा भरण्याआधी जरा ऐका.

गर्दीत, घाटात माणूस आपोआप सावध असतो. या रस्त्यावर मैलोन् मैल ना चौक, ना सिग्नल, ना चहाची टपरी. समोर सरळ काँक्रीट, बाजूला मोकळे माळरान. डोळे उघडे असतात, पण मन पेंगते. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर आंधळी धाव!

आणि आपण काय करतो? रात्री उशिरापर्यंत डबे भरतो, पहाटे तीनला निघतो आणि गाडी सुरू होताच मान टाकतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार ही तर झोपेचीच वेळ. म्हणून पुरती झोप घेऊन उजाडल्यावर निघा. वाटेत पुरी-श्रीखंडाचा बेत नको. पोळी-भाजी, ताक बरे.

निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासून घ्या. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. झिजलेले टायर बदलाच. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, मुलांनीसुद्धा!

ते सारखी जांभई देऊ लागले, गाडी पट्टा सोडून सरकू लागली, की समजा, झोप आली. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून ती जात नाही. पेट्रोल पंपासारखी सोय दिसली की थांबा. रस्त्याकडेला मात्र नको. चहा घ्यावा, वीस मिनिटे डोळे मिटावेत. तसेही दर दोन तासांनी थांबाच. तुम्ही गाडी चालवत असाल, तर हेच नियम तुम्हालाही लागू, बरं का!

“तुला काय कळतं गाडीतलं?” असे कदाचित ऐकावे लागेल. लागू द्या. गाडीतले नसेल कळत, पण घरच्या माणसाची झोप आपल्याइतकी कोण ओळखते? “अहो, थांबू या,” एवढे ठामपणे म्हणाच. माहेरी तासभर उशिरा पोचलात, तर आईचा स्वयंपाक काही पळून जात नाही!